वाचकांचे प्रश्न : गेमिंग पीसीचं अपग्रेड, लाईटबिल आणि नागपूरचा उन्हाळा

परीक्षा संपत आल्या की दरवर्षी अपग्रेडचे प्रश्न येतात, पण या वेळी एक फरक दिसला. नुसतं "कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ" असं विचारणारे कमी आहेत, "घेतलं तर बिल किती येईल, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा सप्लाय) पुरेल का, खोली तापेल का" असं विचारणारे जास्त. मला हे फार बरं वाटलं, म्हणून या वेळचं सगळं पान याच विषयाला दिलंय.

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर कॉम्प्युटर अपग्रेड करायचा म्हणतोय. दुकानदाराने दिलेल्या यादीत ८५० वॅटचा एसएमपीएस आहे. आमच्या घरी गीझर आणि मिक्सर सोडले तर एवढ्या वॅटचं काहीच नाही. रोज पाच-सहा तास हे चालणार, मग बिल कुठे जाईल? आणि शेजारच्या काकू म्हणतात की ३०० युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल महाग रेटने लागतं. खरं आहे का? — एक आई, मानेवाडा

ताई, आधी तो ८५० चा आकडा डोक्यातून काढा. गच्चीवर १००० लिटरची टाकी बसवली म्हणून घरात रोज १००० लिटर पाणी लागतं असं होत नाही ना, तसंच हे आहे. ८५० वॅट म्हणजे तो सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. प्रत्यक्षात कॉम्प्युटर जेवढं मागेल तेवढंच तो देतो, आणि भिंतीतल्या सॉकेटमधून त्यापेक्षा थोडं जास्त खेचतो, कारण २३० व्होल्टचं १२ व्होल्ट करताना काही वीज उष्णता होऊन जाते. समजा गेम चालू असताना आतले पार्ट २५५ वॅट मागतायत आणि सप्लाय ८५ टक्के कार्यक्षम आहे, तर मीटरवर ३०० वॅट पडणार. साधारण मधल्या बजेटचा गेमिंग पीसी याच्याच आसपास असतो.

आता हिशेब. १००० वॅट एक तास चाललं की एक युनिट. ३०० वॅट रोज ५ तास म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट. युनिटला मी इथे १० रुपये धरतोय, नुसता हिशेब सोपा जावा म्हणून. तुमचा खरा रेट काढायचा तर मागच्या बिलाची एकूण रक्कम घ्या आणि युनिटने भागा, म्हणजे वहन आकार, वीज शुल्क, स्थिर आकार सगळं त्यात येतं. तर १० रुपयांनी ४५० रुपये महिना. कमी नाहीत, पण घाबरण्यासारखेही नाहीत, आणि तुम्ही ज्या गीझरचं नाव घेतलं तो २००० वॅटचा असेल तर अर्ध्या तासात एक युनिट खातो.

शेजारच्या काकूंचं म्हणणं बरोबर नाही, आणि हा गैरसमज नागपुरात घरोघरी आहे. महावितरणचे घरगुती स्लॅब शंभरपर्यंत, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्याच्यावर असे आहेत, आणि वरचा रेट फक्त वरच्या युनिटना लागतो. म्हणजे तुमचे आत्ता २९० येतात आणि त्यात ४५ वाढले तर ३३५ होतील, त्यातल्या शेवटच्या ३५ युनिटनाच पुढचा रेट, आधीचे ३०० जसे होते तसेच.

मुलाशी मात्र एका गोष्टीवर बोलाच. ही पोरं रात्री डाउनलोड लावून झोपतात. नुसता चालू असलेला, काहीच न करणारा गेमिंग पीसीसुद्धा ६०-७० वॅट घेत बसतो. ७० वॅट रात्रभर ९ तास, रोज, म्हणजे महिन्याला जवळजवळ १९ युनिट, गेम न खेळता! स्लीप मोडला टाकला तर तोच पीसी दोन-चार वॅटवर येतो. गेम खेळू नको म्हणून भांडण्यापेक्षा झोपताना स्लीप कर एवढंच सांगा, त्याने खरंच फरक पडतो.

आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. तुमच्या मीटरवर एक लाल दिवा टिमटिमतो आणि बाजूला एका युनिटला किती टिमटिम ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं, फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर चालू ठेवून मुलाला त्याचा सगळ्यात जड गेम लावायला सांगा आणि मोबाईलमध्ये एक मिनिट लावून टिमटिम मोजा. ३२०० वाल्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा लुकलुकला तर ३०० वॅट. ८ वेळा तर १५०. एक पैसा खर्च न होता घरबसल्या खरा आकडा कळतो, आणि मुलाला फिजिक्सही शिकवून होतं.

प्रश्न : माझ्याकडे आय५ ९४००एफ प्रोसेसर, आरएक्स ५८० कार्ड आणि २०१९ चा ५०० वॅट ब्रॉन्झ एसएमपीएस आहे. मॉनिटर १०८०पी ७५ हर्ट्झ. ओळखीच्या एकाकडून सेकंड हॅन्ड आरटीएक्स ३०७० मिळून राहिली आहे, नवीन आरटीएक्स ४०६० थोडीशी महाग पडते. सगळे मित्र म्हणून राहिले ३०७० घे, ती जोरात आहे. पण मी रूमवर राहतो, घरमालकाने सबमीटर लावलंय आणि युनिटला १२ रुपये घेतो. काय करू? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड

मित्रा, तुझे मित्र खोटं बोलत नाहीयेत. निव्वळ वेगात ३०७० ही ४०६० च्या पुढे आहे. पण त्यांनी तुझा मॉनिटर बघितला नाही, तुझा एसएमपीएस बघितला नाही आणि घरमालकाचं सबमीटर तर नाहीच नाही.

आकडे बघ. तुझी आत्ताची आरएक्स ५८० कंपनीच्या आकड्यानुसार १८५ वॅटची. ३०७० आहे २२० ची. ४०६० आहे ११५ ची. म्हणजे ४०६० लावलीस तर वेग दुपटीच्या आसपास जातो आणि वर ७० वॅट वाचतात, ३०७० लावलीस तर वेग अजून वाढतो पण आताच्यापेक्षा ३५ वॅट जास्त. हा फरक का आहे तर ३०७० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रोसेसवर बनली, २०२० मध्ये, आणि ४०६० ची टीएसएमसीच्या ४एन प्रोसेसवर, २०२३ मध्ये. तेवढंच काम कमी विजेत, सगळी कमाई तिथली. (याचा अर्थ नवीन म्हणजे कमी वीज असा मात्र घेऊ नको, ४०९० ही ४५० वॅटची आहे आणि ५०९० तर ५७५ ची, आणि ४०६० च्या जागी आलेली ५०६० सुद्धा १४५ वर गेली. नावातला आकडा बघून वॅट कळत नाहीत, प्रत्येक कार्डाचे वेगळे बघावे लागतात.)

दोघींमध्ये फरक १०५ वॅटचा. तुझ्या सप्लायमधून जाताना भिंतीवर तो १२४ च्या आसपास होतो. रोज ४ तास खेळलास तर महिन्याला १५ युनिट, तुझ्या १२ रुपयांनी १८० रुपये. वर्षातले दहा महिने रूमवर धरले तर १८०० रुपये. सेकंड हॅन्डमध्ये जे वाचवलंस ते वर्ष-दोन वर्षात घरमालकाला जाणार. हां, इथे एक प्रामाणिकपणे सांगतो, ७५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या मॉनिटरवर तू फ्रेम ७५ ला बांधून खेळलास तर ३०७० पूर्ण २२० खाणार नाही, बऱ्याच गेममध्ये ती आरामात बसेल आणि फरक कमी होईल. पण मग प्रश्न असा येतो की जो जोर दिसणारच नाही त्यासाठी ती घ्यायची कशाला?

त्याहून मोठी अडचण एसएमपीएसची. ३०७० साठी एनव्हिडिया ६५० वॅटचा सप्लाय सांगते. तू बेरीज करशील, २२० कार्ड, प्रोसेसर ७०-८०, बाकी बोर्ड रॅम एसएसडी पंखे ५०, झाले ३५०, मग ५०० मध्ये बसतं की! सरासरीच्या हिशेबाने बसतं. पण कार्ड सरासरीने चालत नाही, मिलिसेकंदभर ते लिहिलेल्या वॅटपेक्षा कितीतरी वर उडी मारतं, आणि ३००० सिरीज या बाबतीत जास्तच बदनाम आहे. जुना सप्लाय अशा उडीला घाबरून स्वतःला बंद करून घेतो, गेम ऐन रंगात आलेला असताना पीसी एकदम काळा, आणि माणूस विंडोज परत टाकत बसतो. हा त्रास इतका झाला की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या स्टँडर्डमध्ये असं लिहिलं गेलं की मोठ्या कार्डांसाठीच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट उडी सहन केली पाहिजे. तुझा २०१९ चा, त्या आधीचा. म्हणजे ३०७० घेतलीस तर नवीन सप्लायचे पैसे त्यात धर. ४०६० ला कंपनी ५५० सांगते खरी, पण ते कोणत्याही हलक्या सप्लायची शक्यता धरून. तुझं सगळं मिळून २५० च्या आसपास जातं, चांगल्या कंपनीचा ५०० वाला ते सहज ओढतो. आधी फक्त तो उघडून धूळ किती आहे बघ आणि पंखा आवाज करून राहिला असेल तर मग तसाही बदलायला झालाय.

एसएमपीएसबद्दल मी इतकं का बोलतोय ते सांगतो. २०१४ मध्ये मी कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या सप्लायवर, ज्याच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट होतं, नवीन कार्ड चालवलं. तीन आठवड्यांनी फट्ट असा आवाज आला आणि तो जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. डिस्कमध्ये बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो होते, एकच कॉपी. ते आजपर्यंत परत मिळाले नाहीत आणि तेव्हापासून मी कोणालाही सप्लायमध्ये पैसे वाचवू देत नाही.

सेकंड हॅन्ड ३०७० बद्दल अजून एक. ही कार्डं ज्या काळात विकली गेली तो इथेरियम मायनिंगचा, म्हणजे कार्डं रात्रंदिवस चालवून ते डिजिटल चलन कमावण्याचा काळ होता, ते मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं आणि मग कार्डांचे ढीग बाजारात आले. मायनिंग झालेलं कार्ड म्हणजे मेलेलंच असं नाही, पण मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर काढणाऱ्या पट्ट्या) सुकलेले असू शकतात आणि पंख्यांचे बेअरिंग गेलेले. ओळखीचा आहे तर त्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम चालवून बघ.

४०६० मध्ये एक खोट आहे ती लपवत नाही. तिला पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता) आठच लेन आहेत आणि तुझा मदरबोर्ड जुन्या, हळू पीसीआयई ३.० चा, त्यामुळे थोडा वेग जातो. बहुतेक गेममध्ये कळत नाही, पण कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की झटके जाणवतात, तेव्हा टेक्स्चर अल्ट्रावर न ठेवता हायवर ठेव. माझं मत ४०६०. उद्या तू १४४० चा १४४ हर्ट्झ मॉनिटर घेणार असशील आणि ६५० चा चांगला सप्लायही, तर हेच उत्तर उलटं होईल.

आणि कोणतंही घे, पहिल्या दिवशी दोन गोष्टी कर. सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम ७५ ला बांध, कारण ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर १६० फ्रेम काढणं म्हणजे उरलेल्या ८५ फ्रेमची वीज नुसती जाळणं. दुसरं, आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) टाकून अंडरव्होल्ट, म्हणजे चिपचं व्होल्टेज उतरवणं, शिक. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे त्याच वेगाला व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर वीज साधारण १९ टक्के उतरते. कंपन्या सगळ्यात कमकुवत चिपसुद्धा चालावी म्हणून व्होल्टेज वर ठेवून देतात, तुझी चिप बहुधा त्यापेक्षा कमीत चालते. थोडं थोडं उतरवायचं, गेम क्रॅश झाला की एक पायरी वर यायचं, इतकंच. यात कार्ड खराब होत नाही. ज्याच्याकडे आधीच ३०७० आहे त्याने तर हे आजच करावं, बरीचशी कार्डं दोन-चार टक्के वेग सोडून १६०-१७० वॅटवर येतात.

प्रश्न : ब्रॉन्झ एसएमपीएस घेऊ की गोल्ड? दुकानदार म्हणतो गोल्ड घेतला तर दोन वर्षात बिलातून पैसे निघतात. — वर्धमान नगर

निघत नाहीत. ब्रॉन्झ, गोल्ड हे ८० प्लस नावाच्या कार्यक्षमतेच्या टेस्टमधले दर्जे. पार्ट ३०० वॅट मागत असतील तर ८५ टक्क्यांचा ब्रॉन्झ भिंतीतून ३५३ घेतो आणि ९० टक्क्यांचा गोल्ड ३३३. २० वॅटचा फरक, रोज ४ तास वर्षभर, २९ युनिट. तीनशे रुपये. गोल्ड घ्या, पण तो बिलासाठी नको, आतले कपॅसिटर बहुधा चांगले असतात आणि वॉरंटी बहुधा लांब असते म्हणून घ्या. आणि बॉक्सवर एक बघा जे कोणी बघत नाही : ८० प्लसची टेस्ट २३ अंशांच्या खोलीत होते. आपल्याकडे मे महिन्यात २३ अंश फ्रिजमध्ये शोधावे लागतील. काही सप्लाय पूर्ण वॅट ४० अंशांपर्यंतच देतो म्हणून लिहितात, काही ५० पर्यंत. नागपूरसाठी ५० वाला.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी नवीन कार्ड आणि ७५० वॅट गोल्ड एसएमपीएस टाकला. यूपीएस जुनाच आहे, ६०० व्हीए. आधी लाईट गेली तरी पीसी चालू राहायचा, आता लाईट गेली की लगेच बंद, आणि यूपीएस नुसता बोंबलत राहतो. बॅटरी बदलून पाहिली. यूपीएस खराब आहे का? — धरमपेठ

यूपीएस ठीक असेल, बॅटरीचे पैसे उगाच गेले. दोन कारणं आहेत. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, अशा यूपीएसवर साधारण ३६० वॅट चालतात, मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुमचं नवीन कार्ड गेममध्ये असताना मॉनिटरसकट त्याच्या पुढे गेलं की तो ओव्हरलोड म्हणून हात वर करतो. डेस्कटॉपवर असताना लाईट घालवून बघा, मेन स्विच पाडून. तेव्हा टिकला तर कारण हेच.

तेव्हाही बंद पडला तर दुसरं कारण. नवीन चांगल्या सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं आणि त्याला सरळ साइन वेव्ह लागते, स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की पायऱ्या-पायऱ्यांची चौकोनी वेव्ह देतात, काही सप्लायना ती चालत नाही आणि ते बंद होतात. मग प्युअर साइन वेव्हवाला १००० व्हीएचा घ्यावा लागेल, तो ६०० वॅटच्या आसपास देतो. तो महाग आहे, म्हणून घ्यायच्या आधी कार्डाची पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणून आणि फ्रेम बांधून एकदा बघाच, दोन-चार फ्रेम जातात आणि कित्येकांचं जुन्या यूपीएसवर भागतं. आणि यूपीएस हा गेम पुरा करायला नाही, सेव्ह करून नीट बंद करायला आहे. रोहिणी नक्षत्रातल्या वादळात लाईट गेली की ती पाच मिनिटांत येईलच असं नाही.

प्रश्न : प्रोसेसर आय९ १४९००के घेऊ की रायझन ७ ७८००एक्स३डी? फक्त गेम खेळतो. — वर्धा रोड

७८००एक्स३डी. १४९००के ची मर्यादा २५३ वॅटपर्यंत जाते, ७८००एक्स३डी कागदावर १२० ची असली तरी गेममध्ये बहुतेक वेळ त्याच्या बऱ्याच खाली असते, कारण मोठ्या कॅशमुळे (चिपमधल्याच वेगवान मेमरीमुळे) तिला रॅमकडे कमी धावावं लागतं. गेममधला वेग तोडीस तोड किंवा जास्त. ज्यांच्याकडे १३ व्या-१४ व्या पिढीचा मोठा आय७-आय९ आधीच आहे त्यांनी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का बघा, २०२४ मध्ये इंटेलने जास्त व्होल्टेजने चिप खराब होण्याचा घोळ मान्य करून ऑगस्टपासून त्यावर अपडेट दिले. ते न टाकता चालवू नका.

प्रश्न : आमची गच्चीखालची खोली आहे. एप्रिलपासून गेम लावला की अर्ध्या तासात खोलीत बसवत नाही, कार्ड ८३-८४ अंशांवर जातं आणि फ्रेम पडतात. कूलरसमोर कॅबिनेटचा दरवाजा उघडून ठेवला तर तापमान ८ अंशांनी कमी होतं. असं उन्हाळाभर ठेवलं तर चालेल का? दुसरं म्हणजे कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत, आणि कॅबिनेटला हात लागला की हलके झिणझिण्या येतात. हे अपग्रेड केल्यापासून जास्त वाटतं. — महाल

तुमच्या पत्राचा शेवटचा भाग वाचून मी हे उत्तर बाकीच्यांच्या आधी लिहायला घेतलं होतं. तापमानाचं सांगतोच, पण झिणझिण्यांचं आधी.

एसएमपीएसच्या आत इलेक्ट्रिकल गडबड गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा बारीक करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, लटकत राहतं आणि हात लागला की झिणझिण्या. तो करंट इतका कमी असतो की तेवढ्याने जीव जात नाही. पण तो एक गोष्ट ओरडून सांगतो की तुमच्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. महालातल्या जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट आणि मागे दोनच वायर हे मी स्वतः कितीतरी ठिकाणी पाहिलंय. आणि त्याच बोर्डवर तुमचा कूलर आहे, लोखंडी पत्र्याचा, आत पाणी, पंपाची वायर पाण्यात. त्या पंपाचं इन्सुलेशन गेलं तर कूलरच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतील, आणि बोर्डवर तिसरी पिन एकच असल्यामुळे तेच तुमच्या कॅबिनेटवरही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंसुद्धा, महावितरण दरवर्षी हात जोडून सांगतं. मी तुम्हाला हात जोडून सांगतो. आज कूलर वेगळ्या सॉकेटवर लावा, बंद करून प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका, आणि या आठवड्यात इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासा. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत राहावं लागतं. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या, त्याचा खर्च तुमच्या कार्डाच्या किमतीपुढे काहीच नाही.

आता खोली. कॉम्प्युटर जेवढे वॅट घेतो ते सगळे शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतात, दुसरीकडे जायला त्यांना जागाच नाही. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे ४०० वॅटचा पीसी म्हणजे खोलीत चार माणसं जास्तीची बसवली. तीही गच्चीखाली, आणि आपल्या शहरात, जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ ला गेला होता. कॅबिनेटमध्ये महागडं लिक्विड कूलिंग टाकून खोली थंड होत नाही, ते फक्त उष्णता चिपपासून खोलीपर्यंत लवकर पोचवतं. वॅट कमी करणं हाच खरा उपाय. वर हिंगणा रोडच्या मित्राला जे सांगितलं तेच, फ्रेम बांधा, अंडरव्होल्ट करा, रायझन असेल तर बायोसमधला इको मोड (कमी वॅटवर चालवायची सेटिंग) लावा. ४०० चे २८० झाले तर एक माणूस आणि थोडं वर खोलीतून उठून गेलं.

कूलरसमोर उघडं कॅबिनेट मात्र नको. ८ अंश उतरतात ते खरं, कारण कार्डाचं तापमान आत येणाऱ्या हवेसोबत जवळजवळ तितकंच वरखाली होतं. पण त्या हवेत ओल असते आणि वुडवूलमधून उडालेले बारीक थेंबही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, कूलरच्या पत्र्यावर पांढरा थर बसतो तो तुम्ही बघताच, तोच थर मदरबोर्डाच्या बारीक पायांवर बसला आणि वर ओल आली की गंज आणि शॉर्ट. एका उन्हाळ्यात काही होणार नाही कदाचित, दुसऱ्या-तिसऱ्यात होतं. कूलर खोलीच्या एका टोकाला, पीसी दुसऱ्या टोकाला जमिनीपासून वीतभर वर, कूलरची सरळ झोत त्याच्यावर येणार नाही असा ठेवा. आणि समोरची खिडकी उघडी पाहिजे, कूलर लावून खिडक्या बंद केल्या की हवा नुसती दमट होते, थंड होत नाही, हे नागपूरकरांना मी काय सांगायचं, पण गेमिंगच्या खोलीत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोरं नेमकं तेच करतात. पीसी त्या उघड्या खिडकीजवळ, मागची बाजू खिडकीकडे करून ठेवलात तर त्याची गरम हवा सरळ बाहेर जाईल. दर महिन्याला फिल्टर झटका, आपल्याकडची धूळ लवकर बसते.

कार्ड ८३ ला जाऊन फ्रेम पडतात ते तुमच्या कार्डाचं स्वतःला सांभाळणं आहे, बऱ्याच एनव्हिडिया कार्डांची मर्यादा ठरलेलीच त्याच्या आसपास असते. जळेल म्हणून घाबरू नका, पण रोज चार तास तिथे ठेवूही नका. दुपारी दोन ते पाच खेळणं टाळता आलं तर रात्री दहानंतर तोच गेम त्याच सेटिंगला न अडखळता चालताना दिसेल.

इलेक्ट्रिशियन येऊन गेला की काय निघालं ते मला नक्की लिहा. तोपर्यंत त्या कॅबिनेटला ओल्या हाताने किंवा अनवाणी कोणीही हात लावू नये.